पाच मिनिटांत विसरणारं यंत्र

चैत्र उतरणीला लागला, की अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत मोकळ्या मैदानांत बांबू उभे राहतात, टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरतात, आणि माझा घसा आपोआप साफ व्हायला लागतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "सर्दी झाली का?" सर्दी कसली, लग्नसराई झाली! सर्कशीतून काढलेला घोडा बँडचा आवाज आला, की अंगणातच गोल फिरायला लागतो म्हणे. माझं तसंच होतं. हातात माईक नसतो, मग मी लाटणं धरतो आणि म्हणतो, "रसिक मायबाप, शांत राहू नका!"

मी निवेदक होतो. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका म्युझिकल पार्टीत अकरा वर्षं. हळदी, लग्नं, साखरपुडे, बारशी, एकदा तर म्हशीच्या वाढदिवसालाही बोललो आहे. लोकांना वाटतं निवेदकाचं काम बोलण्याचं. नाही हो. निवेदकाचं काम मांडवात शांतता होऊ न देण्याचं. नवरी पार्लरमधून निघालेली नसते, भंतेजी दुसऱ्या लग्नात अडकलेले असतात, वीज गेलेली असते. अशा वेळी मांडव गप्प झाला, की माणसांना आठवायला लागतं. कोणाच्या लग्नात आपल्याला पुढच्या रांगेत बसवलं नव्हतं, कोणत्या काकूने आहेराची साडी परत पाठवली होती. मग खुर्च्या सरकतात. त्याआधीच त्या फटीत मी स्वतःला कोंबायचो. अकरा वर्षांत माझ्या मांडवात कोणी सलग पाच मिनिटं शांतता ऐकली नाही. हा माझा विक्रम. तो गेल्या वैशाखात मोडला, आणि तोही माझ्याच मुलीच्या लग्नात. कसा, ते शेवटी. निवेदकाने पत्ते आधी दाखवायचे नसतात.

आधी तो उन्हाळा.

महापुराच्या पुढचा उन्हाळा होता तो. भिंतींवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ होती, आणि वरून कितीही रंग दिला तरी ती आतून उमटायची, जुन्या भांडणासारखी. वीज रोज सहा-सहा तास गायब. संध्याकाळी वारा पडला, की कारखान्यांकडून गोडसर, सडक्या फळांसारखा वास यायचा आणि मोगऱ्याच्या गजऱ्यांच्या वासात मिसळून जायचा. कॅम्पातल्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांमागचा नाला निळाभोर वाहत असे. बारवी धरणाच्या बाजूच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसत. करवंदांनी जांभळी झालेली जीभ घेऊन मी मांडवात उभा राहायचो आणि म्हणायचो, "मंडळी, नवरदेवाचं तोंड गोड करा, माझं आधीच झालंय!" लोक हसायचे. काय दिवस होते!

आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या पार्टीत सुजाता आली.

सुजाता जाधव. अंबरनाथची, कारखान्यात नोकरी करणाऱ्या बापाची मुलगी, वय सव्वीस-सत्तावीस. तिच्या वस्तीच्या टोकाला डायस मास्तर म्हणून एक म्हातारे राहायचे. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांतून पियानो वाजवलेला. निवृत्त होताना हॉटेलवाल्यांनी मोडीत काढलेला एक पियानो त्यांनी चार हमाल लावून इथे आणला होता. सुजाता आठ वर्षांची असल्यापासून त्या पियानोला चिकटली. वस्तीतल्या बायका म्हणत, "पोरीला झपाटलंय." मास्तरांनी तिला जॅझ शिकवलं. जॅझ म्हणजे काय, हे आमच्या पार्टीत कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या ऑक्टोपॅडवाल्या बाळ्याने मला विचारलं होतं, "नंदूभाऊ, ते इंग्लिश भजन असतं का?"

मी तिला पहिल्यांदा ऐकलं ते पुराच्या आदल्या एप्रिलात, त्यांच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात. निळे झेंडे, खिरीचं पातेलं, लाउडस्पीकरची किरकिर. मी तिथे निवेदनाला. तिच्या वडिलांनी खड्या आवाजात भीमगीतं म्हटली आणि मग म्हणाले, "आता आमची सुजाता तिचं काहीतरी म्हणंल. समजलं तर समजून घ्या." मागून आणलेल्या कीबोर्डसमोर ती बसली. डोळे मिटले. आणि इतक्या सावकाश सुरू केलं, की मला वाटलं, विसरली. मी माईक उचललासुद्धा, फट भरायला. तेवढ्यात ती गायला लागली.

पाणी आज येणार नाही, आई, हंडा उलटा ठेव.

एवढीच ओळ. मग तीच ओळ पुन्हा, पण आता खालचे सूर बदललेले, जणू तीच बातमी दुसऱ्या घरात सांगितली जात होती. मग तिसरी ओळ:

हंडा उलटा ठेव, आई, त्यावर मी ताल धरते.

खिरीच्या पातेल्याजवळच्या बायकांच्या हातातले डाव थांबले. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. नंतर मी सुजाताला विचारलं, गाणं कोणाचं? म्हणाली, "चाल मास्तरांनी शिकवलेल्या पद्धतीची. पहिली ओळ माझी. दुसरी म्हणजे पहिलीच. आणि तिसरी कोणाचीच नाही, ती तिथल्या तिथे येते. मास्तर म्हणतात, तिसरी ओळ घरून ठरवून आणायची नाही. स्वतःला विसरलं तरच ती येते."

मग जुलैत पूर आला आणि मास्तरांचा पियानो दोन दिवस पाण्यात उभा राहिला. नंतर त्याच्या पट्ट्या पावासारख्या फुगल्या होत्या. मास्तर मुलीकडे वसईला गेले. जाताना त्यांनी एक काम केलं. मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात संगीताचं बघणारा त्यांचा जुना साथीदार होता, त्याच्याकडून त्यांनी शब्द घेतला: पुढचा उन्हाळा संपायच्या आत या मुलीला एकदा ऐकायचं. खऱ्या पियानोवर. आवडली तर आठवड्यातून तीन संध्याकाळी तिचं गाणं.

सुजाताला सरावाला वाद्य हवं होतं. आमच्याकडे वाद्य होतं आणि वाजवणारा पळून गेला होता. अशी ती होळीनंतर आमच्याकडे आली. अट एकच: दुपारी, कार्यक्रम नसताना, कॅम्प चारच्या गोडाऊनमध्ये तिला कीबोर्डवर सराव करू द्यायचा.

पार्टीचे मालक गजूशेठ. बदलापूरकडच्या गावचे, गळ्यात बोटाएवढी साखळी, आणि मुख्य गायकही तेच. त्यांचा सूर काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. आता हे थोडक्यात समजून घ्या, कारण सगळा खेळ इथेच आहे. आमच्याकडचे कीबोर्डवाले सगळी गाणी एकाच जागी, पांढरी एकपासून वाजवायला शिकतात. गायकाचा सूर वेगळा असला, की एक बटण दाबून अख्खं यंत्रच वर किंवा खाली सरकवतात. तीनदा दाबलं, की बोट पांढरी एकवर आणि आवाज काळी दोनचा.

पहिल्या दिवशी सुजाताने बटण शून्यावर नेलं आणि म्हणाली, "शेठ, मी बोटांनीच काळी दोनमध्ये वाजवते. बटण लागत नाही."

गजूशेठ खुर्चीतून अर्धे उठले. "बटन नाय लावलं त माझा सूर कसा लागंल?"

"सूर तोच लागेल, शेठ. फक्त बोटं दुसरीकडे पडतील."

"मना नको शिकवू, पोरी. बारा वर्सं त्या बटनावर गातंय मी. बटन हललं त माझा गला हलतो."

खरं म्हणजे त्यांना ते बटण लकी वाटायचं. आणि सुजाताची अडचण अशी, की तिला सूर नावानिशी ऐकू यायचे. कुकरची शिट्टी झाली, की म्हणायची, "पांढरी सात." बाळ्याची शिंक, दाराची करकर, कारखान्याचा भोंगा, सगळ्यांची नावं तिला पाठ. अशा माणसाने पांढरी एक दाबावी आणि कानात काळी दोन यावी, म्हणजे दर वेळी मीठ म्हणून उचललेली चिमूट साखर निघावी. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, डोळे एक सांगतात, कान दुसरं. मळमळतं मला."

मला गंमत वाटली. वाटायचीच. कारण त्याच सकाळी तिने माझीही गंमत केली होती. मी माझं खास निवेदन करून दाखवलं होतं, चढउतारांसकट. पार्टीचे सगळे ऐकत होते. संपल्यावर ती निरागसपणे म्हणाली, "भाऊ, तुम्ही किती छान बोलता. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात. काळी एक." कीबोर्डवर काळी एक दाबून धरली आणि म्हणाली, "बघा, आता बोला." मी बोललो. आवाज आणि पट्टी तंतोतंत जुळले. बाळ्या जमिनीवर लोळला. पुढचे आठ दिवस मी माईक हातात घेतला, की कोणीतरी मागून हळूच काळी एक वाजवायचं.

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानेच तर जास्त लागलं.

तिने माझ्यापाशीच येऊन विनवलं, "भाऊ, दुपारच्या सरावापुरतं बटण शून्यावर आणत जाऊ का? संध्याकाळी परत तीनवर ठेवीन. शेठना कळणारही नाही." मी म्हटलं, "बिनधास्त." आणि त्याच संध्याकाळी बाळ्याला घेऊन मी नळकामवाल्याकडून लांबी आणली. गळक्या पाइपला लावतात ती, दोन रंगांच्या कणकेसारखी. मळून लावली की तासाभरात दगड. कीबोर्ड तीनवर होता. वर जायचं आणि खाली यायचं अशी दोन्ही बटणं मी त्या लांबीत गाडून टाकली. वर अंगठ्याने छान गुळगुळीत केलं. सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी बसवतात तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाताने ते बघितलं. नखाने उकरायला गेली. नख मोडलं. गजूशेठ खूश: "बेस केलंस, नंद्या. आता कोनाचा बाप बटन नाय हलवनार." बाळ्याने हात जोडून म्हटलं, "ताई, बोटांना व्यायाम!" ती आमच्याकडे बघत राहिली, मग कीबोर्डसमोर बसली आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले म्हणजे निदान एक साक्षीदार कमी.

आता तुम्ही म्हणाल, यंत्र बंद करून चालू केलं की सगळं शून्यावर येत असेल. इतर यंत्रांचं येतं. आमच्या यंत्राला एक खोड होती. त्याच्या पोटात सहा जाडे सेल घालायची सोय होती, आणि भारनियमनामुळे ते कायम घातलेले असत. पोटात सेल असेपर्यंत ते यंत्र काहीही विसरायचं नाही. बंद करा, चालू करा, तीन म्हणजे तीन.

पण मी सेल आणायला लछूभाईंच्या दुकानात गेलो होतो. कॅम्पातले जुने सिंधी दुकानदार. असलं यंत्र त्यांनी उघडून पाहिलं नाही असं नाही. मी लांबीचा किस्सा रंगवून सांगितला. ते हसले नाहीत. दाल-पकवानचा तुकडा तोडत म्हणाले, "अरे साईं, इसमें क्या है? सेल निकालो, बिजली का तार निकालो, पाँच मिनट रुको. मशीन सब भूल जाती है. लडकी को बोल दे."

"बोलता हूँ," मी म्हणालो.

नाही बोललो. एवढं एक वाक्य. खिशात ठेवलं आणि अख्खा उन्हाळा त्याला हात लावून बघत राहिलो, आहे ना अजून. रोज मी तिच्याशी किती बोलायचो! हवा, करवंदं, नवरदेवाची मिशी, सगळ्यांवर बोलायचो. फक्त हे एक सोडून. सेल उतरले, की बदलायचं काम माझंच होतं. एका वेळी सगळे काढले तर यंत्र विसरेल, म्हणून वीज असताना तार लावून ठेवायचो आणि एकेक सेल बदलायचो, झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालची उशी काढावी तसा. एवढी काळजी मी आयुष्यात दुसऱ्या कशाचीच घेतलेली नाही.

आणि काय मजा यायची! पहिले पंधरा दिवस ती भर मांडवात चुकायची. चिखलोलीच्या एका लग्नात नवरी मांडवात आली आणि सुजाताच्या हातून असा काही सूर पडला, की नवरीने दचकून मागे बघितलं. मी ताबडतोब, "मंडळी, हा नवरदेवाच्या काळजाचा आवाज!" टाळ्या. बदलापूरच्या हळदीत ती मध्येच थांबली, तर मी म्हटलं, "ताईंना जॅझ झालंय, लिंबूपाणी द्या!" जॅझ हा शब्द आम्ही आजाराच्या नावासारखा वापरायला लागलो. पोट बिघडलं, जॅझ झालं. टेम्पो बंद पडला, जॅझ झालं. ती हसायची. खरंच हसायची, आणि मग मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून वाजवायची. चेहरा पांढराफटक, ओठांवर घाम. एकदा मांडवाच्या मागे जाऊन ओकून आली. मी पाण्याचा ग्लास दिला. म्हणाली, "भाऊ, तुम्ही आहात म्हणून बरं."

मग एप्रिलच्या शेवटी तिच्या चुका थांबल्या. एकाएकी. तिची बोटं त्या सरकलेल्या यंत्रावर अशी चालायला लागली, की जणू जगात सगळीकडे पांढरी एकवर काळी दोनच वाजते. दुपारी गोडाऊनमध्ये पत्रा तापलेला असायचा, खुर्च्यांच्या चळतींवर पाली असायच्या, आणि ती आपलं पाण्याचं गाणं वाजवत बसायची. तिचं गाणं काळी चारचं. त्या यंत्रावर त्यासाठी पांढरी चारवरून निघावं लागे. ती न बघता निघायची. मला म्हणाली, "भाऊ, जमलं. कान शरण गेला." मला जरा वाईटच वाटलं. खेळ संपला होता.

संपला नव्हता.

मृगाच्या आधीच्या सोमवारी मुंबईला जायचं ठरलं. तिच्या वडिलांना रजा मिळेना. ते माझ्याकडे आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. "जय भीम, नंदूभाऊ. पोरीला मोठ्या ठिकाणी एकटी कशी सोडू? तुम्ही बोलणारे आहात. काही अडलं, तर तुम्ही बोला."

हॉटेलात दुपारची सामसूम होती. एवढी थंड हवा, की माझ्या जिभेलाही काही सुचेना. मध्ये तो पियानो. काळा, नदीतून नुकत्याच वर आलेल्या म्हशीसारखा ओला चमकणारा. मास्तरांचे साथीदार एका कोपऱ्यात बसले होते, टक्कल, पांढरा सदरा, समोर चहा. अतिशय सभ्य माणूस. म्हणाले, "घाई नाही, बेटा."

सुजाता बसली. मास्तरांनी शिकवलं तसे आधी हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले, आणि हात उचलून ठेवले. पांढरी चारवर.

आणि पियानोतून पांढरी चार वाजली.

चटका बसावा तसे तिने हात उचलले. मला वाटतं, त्या खोलीत काय झालं ते फक्त आम्हा दोघांनाच समजलं. तिने डोळे उघडून पट्ट्यांकडे पाहिलं, नीट मोजून काळी चार शोधली, पुन्हा सुरू केलं. यावेळी बरोबर. पाणी आज येणार नाही, आई, हंडा उलटा ठेव. त्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्यांदा तीच ओळ. ते पुढे झुकले. आता तिसरी यायची. त्यासाठी तिने डोळे मिटले, कारण स्वतःला विसरल्याशिवाय ती येत नाही. ती स्वतःला विसरली आणि तिची बोटं मात्र काहीच विसरली नाहीत. बोटं गुपचूप तीन पायऱ्या खाली उतरून गेली, आपल्या घरी. गळा एकीकडे, हात दुसरीकडे. ती थांबली.

"पुन्हा," गृहस्थ म्हणाले. ती पुन्हा निघाली. दोन ओळी आल्या, आणि तिसरीच्या उंबऱ्यावर तेच. डोळे उघडे ठेवले, की हात बरोबर. पण मग तिसरी ओळ येईना. डोळे मिटले, की ओळ ओठांपर्यंत यायची आणि हात निघून जायचे. पाच वेळा. पाचव्या वेळी तिने माझ्याकडे बघितलं. काही अडलं, तर तुम्ही बोला.

मी बोललो. "साहेब, उन्हाळ्यामुळे घसा बसलाय तिचा." काळी एकमध्ये.

ते म्हणाले, "डायस म्हणाला होता, तिसऱ्या ओळीसाठी ऐक. मी तेवढ्यासाठी बसलो होतो, बेटा. अजून थोडा सराव कर."

परत येताना ती एकच वाक्य बोलली. "भाऊ, सरावच फार झाला."

आता तिची कारकीर्द सांगायची, तर पटकन सांगून होते. आमच्याकडे ती आणखी दोन लग्नसराया वाजवत राहिली, एकही चूक न करता. गजूशेठ म्हणायचे, "हिच्यासारखी बाय अख्ख्या तालुक्यात नाय." जॅझ हा शब्द तिने पुन्हा काढला नाही, आम्ही काढायचो, टेम्पो बंद पडला की. तिच्या बोलण्यात तसूभर फरक नव्हता. रोज "जय भीम, भाऊ," रोज चहाचा पहिला कप मला. मग गजूशेठ वारले, पार्टी मोडली, सामान भंगारात गेलं. ती एका शाळेत प्रार्थनेची पेटी वाजवायला लागली, नंतर चिखलोलीच्या नव्या इमारतींत मुलांचे क्लास घ्यायला लागली. हॉटेलात पुन्हा कधी गेली नाही. मास्तर वसईत वारले, तेव्हा त्यांना वाटत होतं ती मुंबईत गाते. तिनेच तसं पत्रातून लिहिलं होतं.

आणि गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न. मुलीला डीजे नको होता. "बाबा, जेवणाच्या आधी हळू, छान काहीतरी हवं. चिखलोलीच्या एक बाई आहेत, खूप सुंदर वाजवतात. मी ठरवून आले." मला नाव विचारायचं सुचलं नाही. मी माझं निवेदन घोकण्यात दंग होतो. अंबरनाथचा हॉल, दोनशे माणसं, व्याही ठाण्याचे, थोडे नाकाने बोलणारे. मी शेरवानी घालून माईक हातात घेतला, आणि दारातून सुजाता आत आली. केस पिकलेले, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. तिने कापड सोडलं. तेच यंत्र. बटणांच्या जागी माझ्या अंगठ्याचा ठसा असलेली राखाडी लांबी.

"भंगारवाल्याकडून मीच आणलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "तेव्हापासून सेल एकेक करूनच बदलत आले."

तिने ते टेबलावर पालथं घातलं, पोटाचं झाकण काढलं आणि सहा सेल एकेक करून पांढऱ्या चादरीवर ओळीने उभे केले. मुंबईहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती लछूभाईंकडे गेली होती म्हणे. सेल घ्यायला नाही, लांबी कशाने निघते ते विचारायला. "ते म्हणाले, लांबी कशाला काढतेस? तुमच्या निवेदकाला मी काही महिन्यांपूर्वीच सांगितलंय." हे तिने हळू आवाजात, चहा हवा का विचारावं तसं सांगितलं. म्हणजे दोन लग्नसराया, रोजचा तो पहिला कप, सगळं ठाऊक असून.

मी माईक तोंडाशी नेला. सवयीने. फट पडली होती ना.

तिने माईकवर हात ठेवला. "भाऊ, पाच मिनिटं काही बोलू नका. यंत्राला विसरायला तेवढा वेळ लागतो."

दोनशे माणसं. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, व्याही घड्याळाकडे. पहिल्या मिनिटाला लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. दुसऱ्याला खोकले. तिसऱ्या मिनिटाला पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला आणि कुठल्याशा खुर्चीत एक मावशी दुसरीला म्हणाली, "हा नंदू पहिल्यांदाच गप्प बघितला. बरं आहे ना त्याला?" चौथ्याला मला माझाच श्वास ऐकू आला, आणि तो कुठल्या पट्टीत होता हेसुद्धा मला कळलं. पाचव्या मिनिटाला मुलगी माझ्या डोळ्यांकडे बघून चपापली. तिला माझं ते तोंड माहीत नव्हतं.

सुजाताने सेल परत घातले. एक सूर दाबला, खरा वाजला. डोळे मिटले. हात काळी चारवर गेले, सरळ, न शोधता. पाणी आज येणार नाही, आई, हंडा उलटा ठेव. हॉलमध्ये हशा पिकला, कारण त्या दिवशी शुक्रवार होता, आमच्याकडचा पाणीकपातीचा वार, आणि पाणी खरंच नव्हतं. मग तीच ओळ दुसऱ्यांदा, खालचे सूर बदलून, आणि हशा हळूहळू विरला. आचारी दाराशी येऊन उभे राहिले. व्याह्यांनी घड्याळावरून बाही ओढली. मी तिसरीची वाट बघत होतो. इतक्या वर्षांनी, तिच्या गळ्यात ती आलेली मला दिसली. ती आली होती, शपथेवर सांगतो.

तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि नवरी मांडवात येते तेव्हाची आमची ठरलेली ठेक्याची धून सुरू केली. टाळ्या पडल्या. मुलगी लाजून पुढे निघाली. माईक माझ्या हातात होता, आणि आता बोलायची माझी वेळ होती.